मुख्य राउटर: दोन प्लग, दोन पार्टिशन आणि कपाटातला दुसरा डबा

एक भाड्याचा गाळा, त्यात रॅक, रॅकमध्ये ओएलटी (गल्लोगल्लीचे फायबर जिथं येऊन मिळतात तो डबा), एक-दोन स्विच आणि सगळ्यांचा बाप म्हणून एक राउटर. सांगली जिल्ह्यात मी ज्या केबल ऑपरेटरांचं इंटरनेटचं नेटवर्क बघते, त्यांतल्या बहुतेकांचा संसार एवढाच असतो. ओएलटीचा एखादा पोर्ट गेला तर एक गल्ली ओरडते. राउटर गेला की अख्खं गाव फोन करतं, आणि फोन करणाऱ्यांत बँकेचा मॅनेजरही असतो आणि ज्याचं बिल तीन महिने थकलंय तोही. म्हणून पैसा आणि डोकं आधी राउटरवर खर्च करायचं.

दुकानदार ‘रिडंडंट’ (एक गेलं तर चालवायला दुसरं) म्हणून जे विकतो त्यावर जाऊ नका. प्रत्येक जोडीला एकच प्रश्न विचारायचा: पहिली वस्तू ज्या कारणाने मरेल, त्याच कारणाने दुसरीही मरेल का? उत्तर ‘हो’ असेल तर ती जोडी नाही, नुसता खर्च आहे.

उदाहरणाला मायक्रोटिक कंपनीचा सीसीआर २११६ हा राउटर घेते, कारण आमच्याकडे तो किंवा त्याचे भाऊबंदच जास्त दिसतात. कमांड इथे देवनागरीत लिहिल्यात. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्या. टॅब दाबत गेलात की स्पेलिंगची चिंता राहत नाही.

आधी वीज

या राउटरला मागे दोन पॉवर सप्लाय आहेत. एक गेला तरी दुसऱ्यावर तो आरामात चालतो. कागदावर प्रश्न मिटला. आता प्रत्यक्षात काय असतं ते सांगते. एका ऑपरेटरकडे राउटर रोज संध्याकाळी रीबूट व्हायचा. मी तिथल्या लाइनमनला फोन लावला.

“दोन्ही केबल लावल्यात ना?”

“हो ताई, दोन्ही लावल्यात.”

“एक केबल हातात धर आणि ती कुठं जाते ते बघत बघत जा.”

थोडा वेळ नुसता खुडबुडीचा आवाज. मग, “ताई, दोन्ही एकाच बोर्डात आहेत. आणि बोर्डाचा प्लग ढिला आहे.”

संध्याकाळी शेजारच्या दुकानाचं शटर पडलं की भिंत हादरायची आणि प्लग क्षणभर सुटायचा. पॉवर सप्लाय दोन, पण प्लग एकच.

तेव्हा जोडणी अशी करायची. पहिला सप्लाय यूपीएसवर. दुसरा दुसऱ्या यूपीएसवर, आणि ते परवडत नसेल तर सरळ भिंतीतल्या सॉकेटवर, पण त्या सॉकेटचा एमसीबी वेगळा हवा. गाळ्यात थ्री-फेज असेल तर दोन सॉकेट दोन वेगवेगळ्या फेजवर घ्या. एक फेज जाणं ही आपल्याकडे बातमी नाही. हे काम वायरमनकडूनच करून घ्या आणि अर्थिंग मात्र सगळ्या रॅकला एकच आणि नीट असू द्या. दुसरा सप्लाय भिंतीवर ठेवण्यात एक फायदा आहे: यूपीएसची बॅटरी फुगली, यूपीएस स्वतःच बंद पडला किंवा बॅटरी बदलायला तो काढावा लागला तरी राउटरला पत्ता लागत नाही. दोन्ही सप्लाय एकाच यूपीएसवर असले की यूपीएस बिघडण्याची वाट बघत बसायचं, आणि माझ्या अनुभवात राउटरच्या आधी यूपीएसच बिघडतो.

राउटरच्या मागची केबल सुटू नये म्हणून तिला झिप टायने रॅकला बांधा. दोन रुपयांचं काम आहे, कोणी करत नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. दोनपैकी एक सप्लाय मेला तर तुम्हाला कळणार कसं? राउटर चालूच असतो, गिऱ्हाईक खूश असतं, आणि तुम्ही कित्येक महिने एकाच पायावर उभे असता. ‘सिस्टिम हेल्थ प्रिंट’ ही कमांड द्या. त्यात पीएसयू-१ स्टेट आणि पीएसयू-२ स्टेट अशा दोन ओळी येतात. दोन्हींसमोर ‘ओके’ हवं. एक केबल उपटली की त्या ओळीत ‘फेल’ दिसतं. हे रोज हाताने बघायला कोणाला वेळ नाही. शेड्युलरमध्ये एक छोटी स्क्रिप्ट टाकून ‘फेल’ दिसलं की ईमेल किंवा टेलिग्रामवर मेसेज येईल असं करा. ज्यांच्याकडे लिब्रेएनएमएस किंवा झॅबिक्स असं नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर चालू आहे त्यांनी एसएनएमपीवरून (उपकरणांना त्यांची हालहवाल विचारायची पद्धत) तीच माहिती घ्यावी. हा मेसेज येत नसेल तर दुसऱ्या सप्लायचा अर्धा उपयोग वाया गेला असं धरा.

पोटातली फ्लॅश

सीसीआर २११६ मध्ये रॅम १६ जीबी आहे, आणि ज्यावर राउटरओएस (राउटरची ऑपरेटिंग सिस्टिम) आणि सगळं कॉन्फिगरेशन (आपण केलेली सेटिंग) राहतं ती नँड फ्लॅश, म्हणजे वीज गेली तरी सगळं धरून ठेवणारी मेमरी, आहे १२८ एमबी. पहिल्यांदा ऐकणारा हसतो. पण राउटरला जागा लागतेच किती? प्रश्न जागेचा नाही, ती एकच चिप आहे हा आहे.

नँडची प्रकृती ‘सिस्टिम रिसोर्स प्रिंट’मध्ये दिसते. बहुतेक लोक तिथं सीपीयूचा आकडा बघतात आणि निघतात. खाली ‘बॅड ब्लॉक्स’ आणि ‘राइट सेक्ट टोटल’ या ओळी असतात, त्याही वाचा. पहिलीत खराब झालेल्या ब्लॉकची टक्केवारी असते, दुसरीत आजवर किती सेक्टर लिहिले गेले ते. बॅड ब्लॉकचा आकडा थोडा असला तर घाबरायचं कारण नाही, वाढत चालला तर आहे. आणि लिहिण्याचा आकडा रोज उड्या मारत असेल तर कोणीतरी लॉग (राउटरच्या घडामोडींच्या नोंदी) डिस्कवर टाकायला सांगितलेत किंवा एखादी स्क्रिप्ट दर मिनिटाला फाइल लिहितेय. शोधा आणि बंद करा.

आता पार्टिशन. नँडचे दोन भाग करून दोन्हींवर राउटरओएस ठेवता येतं. एक बूट झालं नाही तर राउटर स्वतःच दुसऱ्यावर जातो. मोठ्या कंपन्यांच्या चासीत (कार्डं बसवायच्या मोठ्या राउटरच्या सांगाड्यात) यासाठी अख्खी दोन कार्डं असतात. पुण्यात डेटा सेंटरला होते तेव्हा ज्युनिपर कंपनीच्या एमएक्स राउटरवर दोन राउटिंग इंजिन असायची, प्रत्येकाची डिस्क वेगळी, आणि कॉन्फिगरेशन कमिट करताना ‘सिंक्रोनाइझ’ म्हटलं की दोन्हींवर जायचं. आपल्याकडे त्यातलं गरिबाचं रूप आहे, पण ते चुकीच्या अपग्रेडपासून खरोखर वाचवतं.

कृती अशी. आधी बॅकअप घेऊन तो राउटरच्या बाहेर काढा. मग ‘पार्टिशन्स रीपार्टिशन’ला दोन हा आकडा द्या. राउटर रीबूट होतो, नँड नव्याने फॉरमॅट होते आणि चालू असलेलं पार्टिशन तेवढं शिल्लक राहतं. म्हणजे हे काम रात्रीच करायचं. परत वर आला की ‘पार्टिशन्स प्रिंट’ करा. पार्ट-शून्य आणि पार्ट-एक अशा दोन ओळी दिसतील, पहिलीपुढे ए आणि आर ही अक्षरं: ए म्हणजे पुढच्या वेळी इथून बूट होणार, आर म्हणजे आत्ता इथूनच चाललाय. मग ‘कॉपी-टू’ने चालू सिस्टिम कॉन्फिगरेशनसकट पार्ट-एकवर उतरवा. शेवटी पार्ट-शून्यच्या ‘फॉलबॅक-टू’मध्ये पार्ट-एक लिहा. किमान जागेची अट प्रत्येक जातीच्या राउटरला वेगळी आहे; ज्या छोट्या डब्यांत फ्लॅशच १६ एमबी आहे, त्यांवर याचा विचारही करू नका.

इथून पुढे नियम एवढाच, की अपग्रेड करायच्या आधी ‘कॉपी-टू’ आणि मगच अपग्रेड. नवं व्हर्जन बूट झालं नाही तर जुनं तयार असतं. पण दुसऱ्या पार्टिशनवरचं कॉन्फिगरेशन ज्या दिवशी कॉपी केलं त्या दिवशीचं असतं. चार महिन्यांनी राउटर त्यावर उतरला तर मधल्या काळात घातलेले व्हीलॅन (नेटवर्कचे वेगळे पाडलेले भाग), नवे स्टॅटिक आयपी (गिऱ्हाइकाला कायमचे दिलेले पत्ते), सगळं गायब. म्हणून आठवड्यातून एकदा ‘सेव्ह-कॉन्फिग-टू’ शेड्युलरमध्ये लावून ठेवा. ती कमांड सिस्टिमला हात न लावता फक्त कॉन्फिगरेशन ताजं करते.

दोन गोष्टी यातून मिळत नाहीत. चिपच गेली तर दोन्ही पार्टिशनं एकत्र जातात. आणि राउटर नीट बूट झाला, पण तुम्ही फायरवॉलचा एक नियम चुकीचा टाकून स्वतःलाच बाहेर काढलंत, तर फॉलबॅक होत नाही, कारण राउटरच्या मते सगळं छान चाललंय. त्यासाठी सेफ मोड आहे: टर्मिनलमध्ये कंट्रोल आणि एक्स दाबा, बदल करा, नीट चाललं की पुन्हा तेच दाबून बाहेर या. मध्येच कनेक्शन तुटलं तर केलेले बदल राउटर आपोआप मागे घेतो. घरी बसून दूरच्या राउटरवर काम करताना मी सेफ मोडशिवाय बोट लावत नाही.

बूटलोडरचीही (राउटर सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचीही) एक राखीव प्रत डब्यात असते. रीसेटचं बटण आधी दाबून धरून मग वीज दिली की ती चालू होते. राउटर काहीच दाद देत नसेल तर फेकायच्या आधी हे करून बघा. तरीही नाही, तर नेटइन्स्टॉल: लॅपटॉपला थेट केबल लावून नँड पुसून सिस्टिम नव्याने घालायची. त्यात कॉन्फिगरेशन जातं, लायसन्स जात नाही.

बॅकअप दोन प्रकारचा, आणि दोन्ही लागतात

‘सिस्टिम बॅकअप सेव्ह’ केलं की बायनरी फाइल तयार होते. ती त्याच राउटरवर, त्याच व्हर्जनवर परत टाकायला उत्तम. पाच मिनिटांत होतं तसं होतं. पासवर्ड दिला नाही तर ती फाइल एन्क्रिप्ट होत नाही, हे लक्षात असू द्या. ‘एक्सपोर्ट’ केलं की साधी मजकुराची फाइल मिळते, जी नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते, दुसऱ्या मॉडेलवर थोडे बदल करून चालवता येते. व्हर्जन ७ पासून एक्सपोर्टमध्ये पासवर्डसारख्या गोष्टी मुद्दाम गाळल्या जातात. त्या हव्या असतील तर ‘शो-सेन्सिटिव्ह’ जोडावं लागतं. मग ती फाइल तिजोरीसारखी सांभाळा, व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. हसू नका, मी पाहिलंय.

एक्सपोर्टमध्ये काय येत नाही तेही माहीत हवं: राउटरच्या युजरचे पासवर्ड, सर्टिफिकेट, एसएसएच कीज. यूजर मॅनेजर वापरत असाल तर त्याचा डेटाबेस बायनरी बॅकअपमध्येही येत नाही, तो वेगळा काढावा लागतो. गिऱ्हाइकांची यादी आणि पॅकेज सगळं त्यातच असतं, म्हणजे राउटर परत उभा राहिला तरी लॉगइन करायला कोणीच नाही अशी गत होते.

फाइल कुठं ठेवलीत ते बघा. छोट्या मॉडेलमध्ये फाइल्सच्या यादीत ‘फ्लॅश’ नावाचं फोल्डर दिसतं. ते दिसलं तर समजायचं, की त्याच्या बाहेरचं सगळं रॅममध्ये आहे आणि रीबूट झाला की जाणार. कित्येकांचे बॅकअप असेच वाहून गेलेत. आणि फ्लॅशमध्ये ठेवलं तरी राउटरचा बॅकअप राउटरमध्येच ठेवणं म्हणजे घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून कुलूप लावणं.

माझी पद्धत सांगते. गाळ्यात एक जुना पीसी लिनक्स घालून ठेवलेला असतो, त्यावर ऑक्सिडाइज्ड नावाचं फुकट सॉफ्टवेअर. ते रोज राउटरमध्ये शिरून एक्सपोर्ट घेतं आणि गिटमध्ये ठेवतं, त्यामुळे कालच्यात आणि आजच्यात काय बदललं ते ओळीनिशी दिसतं. “मी काहीच केलं नाही ताई” या वाक्याची शहानिशा तिथं होते. सर्व्हरने येऊन फाइल उचलणं हे राउटरने पाठवण्यापेक्षा बरं, कारण मग सर्व्हरचा पासवर्ड राउटरमध्ये लिहून ठेवावा लागत नाही. त्या पीसीवरून आणखी एक प्रत गावाबाहेर जाते. बायनरी बॅकअप मात्र मी प्रत्येक मोठ्या बदलानंतर हाताने घेते आणि नावात तारीख आणि व्हर्जन दोन्ही लिहिते.

एक्सपोर्ट उघडून पहिल्या चार ओळी वाचायची सवय लावा. त्यांत तारीख आणि राउटरओएसचं व्हर्जन, सॉफ्टवेअर आयडी, मॉडेल आणि सीरियल नंबर असतो. डबा वॉरंटीत द्यायचा झाला तर नंबर शोधायला रॅकमागे टॉर्च घेऊन वाकावं लागत नाही.

लॉग राउटरवर नाही

राउटर मुळात लॉग रॅममध्ये ठेवतो, एक हजार ओळी, रीबूट झाला की पाटी कोरी. म्हणून काही जण ते डिस्कवर वळवतात आणि नँड झिजवतात. दोन्ही चूक. लॉग सिसलॉगने (नोंदी नेटवर्कवरून पाठवायची पद्धत) बाहेरच्या सर्व्हरवर पाठवा. हा हौसेचा मामला नाही: सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस भारतातच जपून ठेवायचे आहेत, आणि दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्यात बदल करून वापराच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवायला सांगितल्यात. पोलिसांचं पत्र येतं तेव्हा नेमकी वेळ विचारलेली असते, तेव्हा राउटरचं घड्याळ एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ घेऊन) जुळवलेलं असू द्या.

लॉगच्या सर्व्हरला दोन डिस्क लावून रेड-१ करा, म्हणजे दोन्हींवर तेच लिहिलं जातं. एक डिस्क गेली तर दुसरीवर चालतं. पण रेड म्हणजे बॅकअप नव्हे. कोणी फोल्डर पुसलं तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसलं जातं. सीसीआर २११६ च्या पोटात एम-डॉट-टू डिस्कसाठी जागा आहे, तीही अशा कामाला वापरता येते. मात्र राउटर त्यावरून बूट होईल अशी आशा धरू नका.

कपाटातला दुसरा डबा

वरचं सगळं करूनही वळवाच्या पावसात वीज पडली आणि गच्चीवरच्या कॉपर केबलमधून आत आली तर दोन सप्लाय आणि दोन पार्टिशनं एकदमच जातात. मग दुसरा राउटरच लागतो.

तोच मॉडेल परवडला तर उत्तम. नाही परवडला तर लोक मायक्रोटिकचाच आरबी ५००९ घेतात, आणि तो डबा चांगलाच आहे: एक एसएफपी-प्लस (फायबरचा) पोर्ट, एक २.५ गिगाबिटचा, सात एक गिगाबिटचे, आणि वीज तीन वाटांनी घेतो. पण त्याचं लायसन्स लेव्हल पाचचं असतं, आणि लेव्हल पाचवर पीपीपीओईचे (गिऱ्हाईक नाव-पासवर्ड देऊन जोडलं जातं ती पद्धत) पाचशेच सेशन चालतात. लेव्हल चारवर दोनशे. अमर्याद हवे तर लेव्हल सहा, जे सीसीआरसोबत येतं. बाराशे कनेक्शनच्या गावात ५००९ लावलात तर पाचशेजण ऑनलाइन येतील आणि उरलेल्या सातशेंना तुम्ही तासभर केबल तपासायला लावाल. खरेदीआधी हा आकडा बघा, पोर्ट नंतर.

दुसरा डबा कपाटात ठेवायचा की रॅकमध्ये चालू, हा पुढचा प्रश्न. व्हीआरआरपीचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं: दोन राउटर मिळून एक आभासी आयपी सांभाळतात, मुख्य राउटर दर सेकंदाला ‘मी आहे’ म्हणतो, तीनेक सेकंद आवाज आला नाही की दुसरा ताबा घेतो. ज्यांना स्टॅटिक आयपी दिलाय अशा बँका, कॉलेज, दवाखाने यांच्यासाठी हे झकास चालतं. फक्त एक सापळा आहे. मुख्य राउटरची गावाकडची बाजू ठीक आणि अपस्ट्रीमचा (आपल्याला इंटरनेट पुरवणाऱ्याकडचा) फायबर तुटलेला, अशा वेळी तो ‘मी आहे’ म्हणतच राहतो आणि सगळा ट्रॅफिक खड्ड्यात जातो. राउटरमधल्या नेटवॉच या तपासणीच्या सोयीने अपस्ट्रीम तपासून, तो गेला की प्रायॉरिटी उतरवणारी स्क्रिप्ट सोबत हवीच.

घरगुती गिऱ्हाइकं पीपीपीओईवर असतात, आणि तिथं व्हीआरआरपीचा उपयोग नाही. सेशन एका राउटरवरून दुसऱ्यावर उचलून नेता येत नाही, तो तुटतो आणि गिऱ्हाइकाचा ओएनयू (घरातला फायबरचा डबा) पुन्हा डायल करतो. दोन्ही राउटरवर पीपीपीओई सर्व्हर चालू असतील तर साधारणपणे ज्याचं उत्तर आधी येईल त्याच्याकडे गिऱ्हाईक जातं. एक मेला की सगळे दुसऱ्याकडे. त्यासाठी लॉगइन रेडियसवर (दोन्ही राउटर ज्याला विचारतील अशा एका सर्व्हरवर) हवेत आणि दोन्हींचे आयपी पूल (गिऱ्हाइकांना वाटायचे पत्ते) वेगळे हवेत. अपस्ट्रीमकडून दोन्हींना रूट मिळायला हवा, ते आधी बोलून ठेवा. सगळं गाव एकदम डायल करतं तेव्हा राउटरचा सीपीयू थोडा वेळ शंभरावर जातो. घाबरून रीबूट करू नका, होऊ द्या.

एवढं झेपत नसेल तर कपाटातला डबा चालेल, पण कोरा नको. त्यावर तेच व्हर्जन घाला, एक्सपोर्ट चढवून ठेवा आणि मुख्य राउटरवर मोठा बदल झाला की त्यावरही करा. बायनरी बॅकअप दुसऱ्या डब्यावर टाकलात तर जुन्या राउटरचे मॅक पत्तेही (प्रत्येक पोर्टचे ओळख क्रमांक) त्यात येतात. जुना काढून नवा लावताना ते सोयीचं पडतं, दोन्ही एकाच नेटवर्कवर चालू ठेवायचे असतील तर मात्र मॅक रीसेट करा, नाहीतर भुताटकी चालू होते. कपाटात डब्याशेजारी एसएफपीची (राउटरमध्ये फायबर जोडायच्या छोट्या मॉड्यूलची) एक जोडी, दोन पॅच कॉर्ड आणि कन्सोल केबल ठेवा. एसएफपी उन्हाळ्यात जातात, आणि ऐन वेळी मिळतात त्या नेमक्या दुसऱ्या वेव्हलेंग्थच्या.

उपटून बघा

पहाटे चारची वेळ बरी. रात्री बारा-एकपर्यंत पोरं गेम खेळत असतात. आधी एक सप्लाय उपटा, मेसेज आला का बघा, परत लावा, ‘ओके’ दिसल्यावरच दुसरा उपटा. मग यूपीएसची मेन बंद करून बॅटरी खरंच किती वेळ खेचते ते घड्याळ लावून मोजा. यूपीएसच्या पडद्यावर दिसतं त्यावर जाऊ नका. मग पार्ट-एक ‘अॅक्टिव्हेट’ करून रीबूट करा, वर आला आणि गिऱ्हाइकं जोडली गेली की पुन्हा पार्ट-शून्यवर या. कपाटातला डबा टेबलावर ठेवून त्यावर लॅपटॉपवरून एक पीपीपीओई कनेक्शन जोडून बघा. आणि हे तुम्ही स्वतः करू नका. गाळ्यात जो पोरगा नेहमी असतो त्याला करू द्या, तुम्ही खुर्चीत बसा, कारण राउटर जाईल तेव्हा तुम्ही पाहुण्याच्या लग्नात असणार. तो जिथं अडखळेल ती पायरी मोठ्या अक्षरात लिहून रॅकच्या दाराला आतून चिकटवा.

पैसे एकदम नसतील तर क्रम असा ठेवा: आधी वेगळा एमसीबी आणि झिप टाय, मग बॅकअपचा जुना पीसी, मग दुसरा यूपीएस, मग एसएफपी, आणि दुसरा राउटर सगळ्यांत शेवटी. पार्टिशनला पैसे लागत नाहीत, ते आज रात्रीच करता येईल.